एकशे पासष्ट

बाबांना जाऊन पाच आठवडे झाले होते. त्या शनिवारी सकाळी लायलकाका आले. बाकीचे लोक येताना जेवणाचं झाकलेलं भांडं घेऊन यायचे, त्यांच्या हातात पिस्तुलाची बॅग होती. ती त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि एकेक वस्तू काढून मांडायला लागले. स्लाइड मागे अडकवलेलं रिकामं नाइन मिलिमीटरचं पिस्तूल, होल्स्टर, कडक पट्टा, मॅगझिन अडकवायचे चार पाउच. सगळं नीट पुसलेलं होतं.

एप्रिलच्या नेमबाजीच्या सामन्यात मी उतरणार असल्याचं त्यांना क्लबच्या रेनीकडून कळलं होतं. बारा वर्षांनी उतरते आहेस, ते म्हणाले, मनगट कच्चं असणार, तर हे घे. मी म्हटलं, बाबांचं फोर्टी कॅलिबरचं पिस्तूल आहे की घरात, मी त्याच्यावरच शिकले. त्यावर ते बोलायला लागले. फोर्टीचा धक्का नकोच इतक्या वर्षांनी. फोर्टीच्या मॅगझिनमध्ये वीस गोळ्या मावतात, नाइनच्या चोवीस. सगळे नाइनवर गेले, फोर्टी आता आमच्यासारख्या म्हाताऱ्यांकडेच उरलंय. होल्स्टर कमरेवर किती खाली असावं, पाउच किती तिरके असावेत, हेही त्यांनी मला उभं करून, पट्टा बांधून दाखवलं.

लायलकाका म्हणजे लायल केम्पकर. बाबांचे एकतीस वर्षांचे सोबती. दोघं एकाच ट्रकमधून प्रत्येक सामन्याला जायचे. हा माणूस सलग एक मिनिट बोललेला मी पाहिलेला नव्हता, अंत्यविधीलाही नाही. त्या दिवशी ते वीस मिनिटं बोलले.

निघताना म्हणाले, “लोडिंगच्या खोलीतली फोर्टीची काडतुसं मी घेऊन जातो सगळी. जुनी असतील. तू झाडू नकोस त्यातली.”

“बाबा जुनी ठेवायचे नाहीत.”

“तरी पण.”

मी म्हटलं, आज नको, मला आधी आवरायचंय. बाबा काडतुसं भरायचे त्या खोलीच्या बंद दाराकडे त्यांनी पाहिलं आणि टोपी घातली. नाइन टेबलावरच राहिलं.

आमच्या भागात कुणाला हा खेळ सुरू करायचा असला की तो पहिल्यांदा बाबांकडे यायचा. कुठलं पिस्तूल घेऊ, हा त्याचा प्रश्न ठरलेला असायचा. बाबा त्याला याच टेबलाशी बसवून आधी पट्ट्याबद्दल विचारायचे. पट्टा ढिला असेल तर कितीही भारी पिस्तूल घेतलं तरी हात दरवेळी वेगळ्या जागी पडतो, असं त्यांचं म्हणणं. मग होल्स्टर, मग मॅगझिन, आणि सगळ्यांत शेवटी पिस्तूल. तिथे आले की ते कागद ओढून हिशेब मांडायचे. गोळीचं वजन गुणिले वेग, त्यातले शेवटचे तीन आकडे सोडून द्यायचे. उत्तर एकशे पासष्ट किंवा वर आलं तर तुम्ही मेजर, त्याखाली मायनर. लक्ष्याच्या मधल्या चौकटीत गोळी लागली तर दोघांनाही पाच गुण. चौकटीबाहेर लागली तर मेजरला चार, मायनरला तीन. आणि बाबांच्या गटात मेजर लिहायचं तर निदान फोर्टी हवं, नाइन चालत नाही.

“धक्का सोसायचा नसेल तर नाइन घ्या, त्यात लाज वाटायचं कारण नाही,” ते सांगायचे. “पण फोर्टीचे गुण मागायचे तर फोर्टीचा धक्का खायचा.”

बहुतेक जण आपली काडतुसं घरीच भरतात. त्यामुळे आत किती दारू आहे ते भरणाऱ्यालाच ठाऊक. क्लबच्या सामन्यात कुणी तपासत नाही. फॉर्मवर मेजर लिहिलं की मेजर. फक्त राज्याच्या सामन्यात एक टेबल असतं, क्रोनोचं. तुमच्या पट्ट्यावरून आठ काडतुसं काढून नेतात, एकातली गोळी उपटून वजन करतात आणि तीन वेग मोजायच्या यंत्रावरून झाडतात. आकडा कमी पडला तरच आणखी तीन.

आदल्या सप्टेंबरात बाबा अडुसष्टाव्या वर्षी राज्यात तिसरे आले होते. क्रोनोवर त्यांचा आकडा एकशे सत्तर आला होता. ती चिठ्ठी त्यांच्या बॅगेत अजून होती.

लायलकाका यायच्या आदल्या दिवशी रेनी फोर्कचा फोन आला होता. ती क्लबचे सामने भरवते, एरवी शाळेची बस चालवते. क्लबला वसंतातल्या सामन्याला बाबांचं नाव द्यायचं होतं, कायमचं. फाटकाशी फलक लावायचा, त्यावर नाव आणि राज्यातला तिसरा क्रमांक. बुधवारी बैठक आहे, तेवढा तुझा होकार कळव. मी तिला लगेच हो म्हणाले नाही. का, ते मलाही सांगता आलं नसतं. बाबांचं नाव आता कुणी घेतलं की मला आधी थोडा वेळ गप्प बसावं लागतं, एवढंच असेल.

रविवारी सगळे चर्चमध्ये असताना मी फोर्टी घेऊन रेंजवर गेले. लोडिंगच्या खोलीतून काडतुसांचे दोन डबे घेतले होते. झाडून पडलेली पितळी टरफलं आपापली ओळखू यावीत म्हणून आमच्याकडे प्रत्येक जण काडतुसाच्या बुडाला स्वतःच्या रंगाची रेघ मारतो. बाबांचा रंग हिरवा. दोन्ही डब्यांत हिरवीच रेघ होती. फक्त बाबांचं लेबल एकाच डब्यावर होतं. तारीख, गोळीचं वजन, दारूचं नाव, सगळं चौकोनी अक्षरांत. दुसरा डबा कोरा होता. बाबा मसाल्याच्या बरण्यांनासुद्धा लेबल लावायचे.

मी आधी कोऱ्या डब्यातलं भरलं. पहिली गोळी झाडली आणि थांबले. फोर्टीचा धक्का कोपरापर्यंत येतो. हा तळहातातच विरला. दारू कमी पडून गोळी नळीत अडकली असेल या भीतीने मी पिस्तूल रिकामं करून नळीतून आरपार पाहिलं. नळी साफ होती. दुसरी झाडली, पाचवी, दहावी. सगळ्या तशाच मऊ. इतकं हलकं काडतूस असताना बाबांचं पिस्तूल नीट चालत कसं होतं, म्हणून ते बाकावर उघडलं. आतली स्प्रिंग बाबांची नव्हती. बाबांची स्प्रिंग मला लहानपणी दोन हातांनीही दाबता यायची नाही. ही मी अंगठ्याने दाबली.

म्हणजे एखादा डबा चुकून हलका भरला गेला असं नव्हतं. कुणीतरी पिस्तूलच हलक्या काडतुसांना जुळवून घेतलं होतं.

बाबांचं वेग मोजायचं यंत्र मी गाडीतून काढून मांडलं. दहा झाडल्या, सरासरी काढली. सेकंदाला सातशे अठ्ठावीस फूट. गोळी एकशे ऐंशी ग्रेनची. म्हणजे आकडा एकशे एकतीस, मायनर. मग लेबलवाल्या डब्यातल्या दहा. पहिलीलाच हात डोक्यापर्यंत उडाला. नऊशे एक्कावन्न. एकशे एकाहत्तर. लेबलवरची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती.

मी सामान आवरलं नाही. बाकावर बसून राहिले.

सप्टेंबरच्या त्या सामन्याला मी गेले होते, पाण्याच्या बाटल्या सांभाळायला. एक गोष्ट तेव्हा नुसती पाहिली होती, ती आता पुन्हा पाहिली. पाचव्या फेरीत एक पोलादी पॉपर होता. गोळी पुरेशा जोराने लागली की तो मागे पडतो. बाबांची गोळी त्याला लागली, आवाज सगळ्यांना ऐकू आला, आणि तो उभाच राहिला. अशा वेळी तो तसाच सोडून पुढे जाता येतं आणि नंतर पंचांना पॉपर तपासायला सांगता येतं. घाईत बहुतेक जण दुसरी गोळी मारून मोकळे होतात. बाबा नाही. उभा राहिला तर त्याला हात लावू नका, तपासायला लावा, हे ते प्रत्येक नवशिक्याला बजावायचे. त्या दिवशी त्यांनी दुसरी गोळी मारली आणि पुढे गेले. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, थकले असतील.

तपासणी मागितली की लोक गोळा होतात. प्रश्न विचारतात.

घरी येऊन मी त्या सामन्याची गुणपत्रकं काढली आणि बाबांचे गुण मायनरच्या हिशेबाने पुन्हा मांडले. दोनदा मांडले. ते नववे आले. तिसरी रेनी फोर्क.

त्या रात्री जेवणाला मी काही केलं नाही. बाबांच्या खुर्चीवरचा त्यांचा स्वेटर तोवर मी हलवला नव्हता. तो मी घडी करून कपाटात ठेवला. जो माणूस फॉर्मवर मेजर लिहून मायनर झाडतो, तो आणखी कशात काय लिहीत असेल, हा विचार एकदा सुरू झाला की थांबत नाही. त्यांनी मला दिलेल्या शब्दांची यादी मी मनात करायला लागले, आणि मग स्वतःचीच किळस येऊन थांबले.

सोमवारी दुपारी लायलकाका दोन रिकाम्या बादल्या घेऊन आले. मी त्यांना सरळ लोडिंगच्या खोलीत नेलं. काडतुसं भरायच्या यंत्रावर मी आकड्यांचा कागद चिकटवून ठेवला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“मोजताना ऊन कसं होतं? कधीकधी ढग असले की यंत्र...”

“लायलकाका.”

त्यांनी बादली उपडी केली आणि तिच्यावर बसले.

भरली त्यांनीच होती. गेल्या वसंतापासून बाबांची सगळी काडतुसं तेच भरत होते. बाबांच्या बोटांना कापरं सुटलं होतं. मला फोनवर ते कधी कळलं नाही आणि बाबांनी सांगितलं नाही. एकदा बाबांनी एकाच काडतुसात दोनदा दारू ओतली. लायलकाकांनी ते पाहिलं म्हणून, नाहीतर पिस्तूल हातात फुटलं असतं. त्या दिवसापासून यंत्राला बाबांनी हात लावायचा नाही असं ठरलं. मग मनगट गेलं. पन्नास गोळ्या झाडल्या की घरी जाताना कॉफीचा कप उचलता यायचा नाही. लायलकाकांनी दारू थोडी कमी केली. मग आणखी थोडी. पिस्तूल अडखळायला लागलं तेव्हा स्प्रिंग बदलली. बाबांना सांगितलं, नव्या कंपनीची आहे, चांगली निघाली.

“आणि फॉर्मवर मेजर कुणी लिहिलं?”

“तो कायम मेजरच लिहायचा. तीस वर्षं.”

“क्रोनोच्या टेबलावर कोण होतं?”

“मी होतो. माझा जोडीदार जेवायला गेला होता.” ते हातांकडे पाहत होते. “यंत्रावर झाडल्या त्या माझ्या होत्या. आधीच हिरव्या करून ठेवल्या होत्या.”

म्हणजे ते क्षणाच्या मोहाने झालेलं नव्हतं. घरी बसून एकेका काडतुसाच्या बुडाला हिरवी रेघ मारून ते तिथे गेले होते.

“बाबांना माहीत होतं?”

“मी सांगितलं नाही.”

“मी ते विचारलं नाही.”

मातीच्या बांधापलीकडे कुणी झाडलं तर नुसत्या आवाजावरून नाइन की फोर्टी ते सांगायला बाबांनी मला नवव्या वर्षी शिकवलं होतं. तो माणूस सहा महिने हातातलं पिस्तूल ओळखणार नाही?

“त्या पॉपरनंतर,” लायलकाका शेवटी म्हणाले, “परत येताना तो ट्रकमध्ये बोललाच नाही. हमरस्त्याला लागलो तेव्हा म्हणाला, पुढच्या वर्षी मी नाइन घेईन. मायनर. मी म्हटलं, बरं.”

“आणि मग?”

“मग रेडिओ लावला. घर येईपर्यंत बेसबॉल ऐकला.”

“एकानेही काही विचारलं नाही.”

“काय विचारायचं, पोरी? एकतीस वर्षं झाली होती.”

मी त्यांना विचारलं, हे खरं आहे की मला बरं वाटावं म्हणून सांगताय.

“बरं वाटलं का तुला?”

“नाही.”

“मग खरंच असेल.”

ते बादल्या भरायला लागले तसं मीही एक डबा ओतला. मध्येच ते म्हणाले, रेनीला सांगायचंच असेल तर लायलनं केलं म्हणून सांग. टेबलावर मी होतो, काडतुसं माझी होती, त्याला कशाला मध्ये आणायचं. मी म्हटलं, फाटकावर तुमचं नाव लागणार नाहीये. यावर त्यांनी मान हलवली आणि दोन्ही बादल्या एकामागून एक ट्रकमध्ये नेऊन ठेवल्या. मी उचलू का म्हणून विचारलंसुद्धा नाही. नाइन मी बॅगेत भरून त्यांच्या सीटवर ठेवलं. त्यांनी ते पाहिलं, बाजूला सरकवलं आणि ट्रक सुरू केला.

मंगळवारी सकाळच्या फेऱ्या संपल्यावर मी बसच्या डेपोत गेले. रेनी बस झाडत होती. सीटखालून निघालेला एक हातमोजा तिने माझ्याकडे टाकला, धर जरा म्हणाली. मी तोंड उघडायच्या आत तिला वाटलं मी होकार द्यायला आले आहे, आणि नावाची कल्पना क्लबची नाही, आपली आहे, हे ती सांगायला लागली.

राज्यातल्या पहिल्या तिघांना राष्ट्रीय सामन्यात जागा मिळते. रेनी चौथी होती. सप्टेंबर संपता संपता बाबांनी तिला फोन केला. माझं मनगट आता साथ देत नाही, माझी जागा तू घे, मी तसं कळवलंय. ती अकरा वर्षं त्या जागेसाठी धडपडत होती.

“मी फोनवर रडले होते गं,” ती म्हणाली. “तू त्यांची मुलगी म्हणून सांगतेय असं नाही. या खेळात कुणी कुणाला अर्धा सेकंद देत नाही, त्यांनी अख्खी जागा दिली. मी केक घेऊन गेले होते त्यांच्याकडे. म्हणून मला ते नाव हवंय तिथे.”

हे लायलकाकांनाही माहीत नव्हतं, मला खात्री आहे. आता बाबांना किती माहीत होतं हा प्रश्न माझ्यापुरता संपला. त्यांनी तिची वस्तू तिला परत केली होती, आणि ती भेट म्हणून दिली होती. ती आभार मानायला आली तेव्हा ते टेबलाच्या पलीकडे बसून होते. माझ्याकडे दोन वाटा होत्या. एक, काहीच न सांगण्याची, अगदी सोपी होती. जागा तिला मिळालीच होती, सामना होऊन गेला होता, कुणाचं आता काही अडलेलं नव्हतं.

मी तिला सगळं सांगितलं. आकडे, स्प्रिंग, क्रोनोचं टेबल, पॉपर. लायलकाकांनी केलेलं लायलकाकांच्या नावावर आणि बाबांनी केलेलं बाबांच्या. ती झाडू सीटला टेकवून उभी राहिली.

“केकचे दोन तुकडे खाल्ले त्यानं,” ती म्हणाली. “माझ्यासमोर. आणि म्हणाला, तू ही जागा कमावली आहेस. मला वाटलं, कौतुक करतोय.”

तिने माझ्या हातातला हातमोजा परत घेतला.

“नाव लागणार नाही.”

“नको. तेच सांगायला आले.”

“आणि निकाल दुरुस्त होणार. नववा म्हणालीस?”

“मी दोनदा मोजलं.”

“तू मोजलेलं मला नको. मी मोजेन.” ती बसमधून उतरली, पुन्हा वर चढली, ड्रायव्हरच्या सीटवर बसली. “लायल त्या टेबलापाशी पुन्हा दिसायला नको. आणि तू? येणार आहेस अजून एप्रिलला?”

“हो.”

“काय घेऊन?”

“बाबांचं फोर्टी. मायनर लिहीन.”

“फोर्टीत मायनर? कुणी करत नाही तसं. मॅगझिनमध्ये गोळ्या चार कमी, आणि गुण नाइनचेच.”

“माहीत आहे.”

“मग नाइनच घे ना, बाई.”

“दुसरं पिस्तूल नकोय मला.”

तिने माझ्याकडे पाहिलं. या माणसांना कुठवर मोजावं, याचा अंदाज घेतल्यासारखं. “तुझ्या पट्ट्यावरची आठ काडतुसं मी स्वतः काढेन,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर. क्लबचा सामना असला तरी.”

“काढ.”

पुढचे तीन आठवडे मी लायब्ररीतल्या कामावरून घरी आले की बाबांच्या यंत्रावर काडतुसं भरत होते. प्रत्येक डब्याला लेबल लावलं. बुडाला कुठला रंग द्यायचा ते ठरेना, म्हणून रेघ मारलीच नाही. लायलकाकांचा फोन दोनदा वाजला. मी उचलला नाही. त्यांचा राग आला होता म्हणून नाही. त्यांनी काहीही सांगितलं तरी मी त्याचं वजन करत बसले असते.

सामन्याच्या दिवशी फाटकावर दरवर्षीचाच फलक होता. वसंत सामना, एवढंच. सुधारलेला निकाल क्लबघराच्या दाराशी लावला होता. लोक तो वाचत होते आणि मी जवळ गेले की त्यांची बोलणी थांबत होती. तिसऱ्या फेरीनंतर रेनी आली. माझ्या पट्ट्यावरून तिने आठ काडतुसं काढली, कुठल्या पाउचमधून काढायची ते तिनंच ठरवलं. टेबलाशी नेऊन एकातली गोळी उपटली, तराजूवर ठेवली, वजन मोठ्याने वाचलं. मग तीन झाडल्या.

“एकशे चौतीस,” ती म्हणाली. “मायनर.”

तिने आकडा कागदावर लिहिला. पेन खाली ठेवलं. उरलेल्या चार काडतुसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पिस्तुलात आणखी तीन भरली.

मी कानावरचं कव्हर पुन्हा खाली ओढलं आणि तिच्या मागे उभी राहिले.